तळी भरलेली, पाट अडलेला

माझ्या मामांचं गोव्यात सावई गावी कुळागर, म्हणजे बागायत आहे. पोफळी, माड, केळी, मिरीचे वेल आणि वरच्या अंगाला झरीच्या पाण्याने भरणारी तळी. गेल्या वर्षी त्यांची झोप उडाली, जेवण कमी झालं आणि एक दिवस ते कुळागरात जायचेच बंद झाले. डॉक्टरांनी तपासून निराशेच्या आजाराच्या गोळ्या दिल्या. बाहेर रांग होती, तेव्हा समजावणं एका वाक्यात उरकलं: "मेंदूत एक केमिकल कमी पडतंय." मामांनी घरी येऊन मला फोन केला. "म्हणजे तळयेंतलें उदक उणें जालां?" तळीतलं पाणी कमी झालंय का, असं ते विचारत होते.

मी शाळेत विज्ञान शिकवत होतो, डॉक्टर नाही. पण हा प्रश्न इतका नेमका होता की त्याचं उत्तर शोधण्यात माझे काही महिने गेले. ते इथे मांडतोय, मामांच्या परवानगीने.

केमिकलची गोष्ट आधी. सेरोटोनिन हे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप नेणारं एक रसायन. निराशेवरच्या बऱ्याच गोळ्या त्याचं प्रमाण पेशींच्या मधल्या फटीत वाढवतात. त्यावरून लोकांनी सरळ उलटा अर्थ काढला की आजार म्हणजे सेरोटोनिनची टंचाई. गंमत अशी की गोळी घेतल्यावर काही तासांत हे रसायन वाढू लागतं, पण माणसाला बरं वाटायला दोन ते सहा आठवडे लागतात. मी हे मामांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ते म्हणाले, "मग काय झालं? सुकलेल्या पोफळीला पाणी घातल्यावर ती दुसऱ्या दिवशी हिरवी होते काय?" बरोबर होतं. मला दुसरा पुरावा काढावा लागला. निराशेच्या रुग्णांमध्ये सेरोटोनिन कमी असतं, असं मोजमापांतून सातत्याने कधीच दिसलेलं नाही. २०२२ साली आधीच्या अभ्यासांचा मोठा आढावा निघाला, त्याचा निष्कर्षही हाच.

याचा अर्थ गोळ्या खोट्या, असा मात्र कोणी घेऊ नये. त्या अनेकांना उपयोगी पडतात, आणि डॉक्टरांना न विचारता बंद करणं धोक्याचं. गोळी का लागू पडते, याचं आपलं स्पष्टीकरण कच्चं होतं, इतकंच.

आता मेंदूचे अभ्यासक तळीपेक्षा तिच्यातून पाणी नेणाऱ्या पाटांकडे जास्त बघतात. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि एकेक पेशी हजारो पेशींशी जोडलेली असते. हे जोड कसेही नसतात. मेंदूचे काही ठरावीक भाग ठरावीक कामासाठी सतत एकमेकांशी बोलत असतात. अशा जोडलेल्या मंडळाला सर्किट म्हणतात. हा शब्द ऐकला की आपल्याला विजेच्या तारा आठवतात, पण मला कुळागरातला पाट जास्त जवळचा वाटतो. तारेतून कितीही वीज गेली तरी तार तशीच राहते. पाटातून पाणी जितकं जास्त वाहील तितका तो खोल होत जातो. न वापरलेला पाट पाचोळ्याने बुजतो. आणि खोऱ्याभर माती टाकून किंवा केळीचं सोपट आडवं लावून पाणी दुसरीकडे वळवता येतं. मेंदूची सर्किटं अशीच वापराने बदलतात.

तळीत पाणी भरपूर आहे, पण एक वाफा चिखलात बुडालाय आणि पलीकडची मिरी सुकतेय, असं होऊ शकतं की नाही? मामा म्हणाले, दर उन्हाळ्यात होतं.

तीन सर्किटांची ओळख करून घेऊ. पहिलं भीतीचं. मेंदूच्या आत बदामाएवढा अमिग्डाला नावाचा भाग आहे. धोक्याची चाहूल लागली की तो घंटा वाजवतो, आणि कपाळामागचा भाग थोड्या वेळाने परिस्थिती पाहून ती घंटा थांबवतो. ही थांबवणारी वाट कमजोर पडली की घंटा वाजतच राहते. चिंतेच्या आजारात 'काळीज धडधडतं, पण कारण सांगता येत नाही' म्हणतात, ते असं.

दुसरं मंत्रचळाच्या आजाराचं, ज्याला डॉक्टर ओसीडी म्हणतात. मेंदूच्या पृष्ठभागावरून निघालेला निरोप आत खोलवरच्या स्ट्रायटम या भागात जातो, तिथून थॅलॅमसमध्ये आणि तिथून परत पृष्ठभागावर. हे एक पूर्ण वर्तुळ आहे. 'दाराला कडी लावली का?' हा विचार त्यातून फिरतो आणि एरवी वाटेत कुठेतरी त्याला 'झालं, पुढे चल' असा शेरा मिळतो. ओसीडीत हा शेराच मिळत नाही. माणूस कडी बघतो, डोळ्यांना कडी लावलेली दिसते, हाताला लागते, तरी आतून 'झालं' येत नाही. म्हणून तो पुन्हा बघतो. घरची माणसं म्हणतात, 'अरे, आत्ताच तर बघितलंस.' त्यालाही ते माहीत असतंच. त्याच्याकडे माहिती आहे, पण 'पुरे' म्हणणारी जागा गप्प बसली आहे. हे एकदा लक्षात आलं की त्याच्यावर ओरडणं आपोआप कमी होतं, निदान आमच्या शेजारच्या घरात झालं.

तिसरं सर्किट बक्षिसाचं, आणि मामांची गोष्ट मुख्यतः इथली. मेंदूच्या बुडाशी असलेल्या एका छोट्या भागातून डोपामिन हे रसायन पुढच्या भागांकडे जातं. डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन, असं सर्रास लिहिलं जातं, ते अर्धवट आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या या पेशींचं काम मोजलं. सुरुवातीला फळांचा रस तोंडात पडला की पेशी चेतायच्या. मग रसाआधी ठरावीक खूण दाखवायला सुरुवात केली, तर काही दिवसांनी त्या खूण दिसताच चेतू लागल्या, रसाच्या वेळी शांत. आणि खूण दाखवून रस दिलाच नाही, तर त्या नेहमीपेक्षाही मंदावल्या.

हे समजायला गोव्यातल्या माणसाला माकडांची गरज नाही. सकाळी वाड्यावर पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा पोंपों (भोंगा) ऐकला की पोर अंथरुणातून उठतं. उंडो, म्हणजे गोल पाव, अजून टोपलीतच असतो. त्याला उठवतो तो पोंपों, कारण मेंदूने त्याची आणि गरम उंड्याची सांगड घालून ठेवलेली असते. हे सर्किट मुख्यतः 'हे करण्यात अर्थ आहे, ऊठ' असं सांगणारं आहे. निराशेत अनेकांचं नेमकं हेच मंदावतं. पोंपों वाजतो आणि आत काहीच हलत नाही. बाहेरून बघणाऱ्याला तो आळस वाटतो.

सर्किटांचा विचार आजचा नाही, आणि त्याचा इतिहास फारसा अभिमानाचाही नाही. त्यातलं एक पान आपल्या जुन्या राज्यकर्त्यांच्या राजधानीत लिहिलं गेलं. नोव्हेंबर १९३५ मध्ये लिस्बनमध्ये एगाश मोनीश या मेंदूतज्ज्ञाच्या सांगण्यावरून एका मानसिक रुग्णाच्या मेंदूच्या पुढच्या भागातल्या जोडण्या तोडण्यात आल्या. मोनीशचे स्वतःचे हात संधिवाताने अधू झाले होते, शस्त्रक्रिया आल्मेदा लीमा या सहकाऱ्याने केली. तर्क साधा होता: आजारी विचार ठरलेल्या वाटांनी फिरत राहतात, तेव्हा वाटाच तोडा. १९४९ साली मोनीशला याबद्दल नोबेल मिळालं. पुढे जगभर हजारो लोकांच्या मेंदूवर ही कुऱ्हाड चालली. बरेचसे रुग्ण शांत झाले, पण ती शांतता विझलेल्या माणसाची होती. ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं, अशांवर ती जास्त चालली: संस्थांमध्ये टाकलेले लोक, बायका, गरीब.

याच मोनीशने १९२५ साली आपल्या आबे फारियावर एक पुस्तक लिहिलं होतं. हो, तोच फारिया, ज्याचा पुतळा पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला खाली पडणाऱ्या बाईवर हात पसरून उभा आहे. १७५६ साली कांदोळीत जन्मलेल्या या पाद्रीने पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले. संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काही चुंबकीय द्रव वाहतो, अशी त्या काळची समजूत होती. फारियाने सांगितलं की संमोहकाकडून काही जात नाही, जे घडतं ते झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनात सूचनेने घडतं. शब्द शरीरात उतरतात, हे त्याने सुरी न घेता दाखवलं. १९७८ साली दात काढलेल्या रुग्णांवरच्या एका प्रयोगात दिसलं की वेदनाशामक म्हणून दिलेल्या खोट्या औषधाने दुखणं कमी होतं ते शरीर स्वतःची अफूसारखी रसायनं सोडतं म्हणून, आणि ती रसायनं अडवणारं औषध दिलं की तो परिणाम पुसला जातो. म्हणजे विश्वासालाही पाट लागतोच. मोनीशने फारियाचा अभ्यास करूनही शेवटी धारदार हत्याराचीच वाट धरली, याचं मला नेहमी नवल वाटतं.

आजची साधनं पुष्कळ सौम्य आहेत. २००५ साली हेलन मेबर्ग आणि सहकाऱ्यांनी कुठल्याच उपचाराने बऱ्या न झालेल्या सहा जणांच्या मेंदूत खोलवर बारीक तारा बसवल्या आणि दुःखाशी जोडलेल्या एका भागाला मंद वीज दिली. चौघांमध्ये चांगली सुधारणा झाली. नंतरच्या मोठ्या चाचणीत मात्र खऱ्या आणि खोट्या उत्तेजनात अपेक्षित फरक दिसला नाही. डोक्याबाहेरून चुंबकाने सर्किटाला चालना देणाऱ्या टीएमएस या उपचाराला अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळाली. त्यात भूल नाही, कापाकापी नाही, पण आठवड्याचे पाच दिवस, चार ते सहा आठवडे बसावं लागतं. सावईहून बस बदलत पणजीला रोज येणं-जाणं आणि मजुरी बुडवणं कोणाला परवडेल? म्हणून मला २०१८ ची कॅनडातली एक चाचणी महत्त्वाची वाटते. तिने दाखवलं की चुंबकाच्या ठोक्यांची लय बदलली तर ३७ मिनिटांच्या बैठकीचं काम तीन मिनिटांत होतं आणि गुण तेवढाच येतो. एकाच यंत्रावर दिवसाला कितीतरी जास्त माणसं बसू शकतील. सर्किटाची लय नीट समजल्याचा फायदा थेट रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचू शकतो, तो असा.

रांगेचा विषय निघालाच आहे, तर ती किती लांब आहे ते पाहू. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, देशातल्या १२ राज्यांत, निराशेचा आजार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांबाहेर होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचे १३ वर्षं प्रमुख असलेले थॉमस इन्सेल यांनी पद सोडल्यावर कबूल केलं की मेंदू आणि जनुकांच्या संशोधनावर अंदाजे २० अब्ज डॉलर खर्चूनही आत्महत्या कमी करण्यात किंवा आजारातून उठणाऱ्यांचं आयुष्य सुधारण्यात आपण काही हलवू शकलो नाही. शोधनिबंध मात्र उत्तम निघाले, असंही ते म्हणाले. असं बोलायला धैर्य लागतं.

दुसरी बाजू: हे पाट खणतं कोण? नुसती जनुकं नाहीत. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातल्या एका अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना निराशेचा आजार होता. धोका कशाने वाढत होता? पैशांची ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेलं नातं, मारहाण, भूक. आणि मुलगा झाला की मुलगी, यानेही फरक पडत होता. कुठलंही स्कॅन यंत्र 'मुलगी झाली' हे वाक्य दाखवणार नाही, पण ते वाक्य घरात कोणत्या आवाजात उच्चारलं गेलं, ते त्या आईच्या भीतीच्या आणि बक्षिसाच्या सर्किटांपर्यंत पोचलेलं असतं.

अमेरिकेत २०१५ साली सुमारे ११०० मुला-तरुणांच्या मेंदूचे स्कॅन आणि घरचं उत्पन्न ताडून पाहिलं. अगदी गरीब घरांत उत्पन्नातला थोडासा फरकही मेंदूच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळातल्या मोठ्या फरकाशी जोडलेला होता, सुखवस्तू घरांत मात्र तेवढ्या रकमेने फारसं काही हलत नव्हतं. अशा बातम्यांचा एक घाणेरडा अर्थही निघतो: गरिबांचे मेंदूच कमी. या अभ्यासातून तसं सिद्ध होत नाही. पाट वापराने बदलतो, हे पुन्हा आठवा. रुमानियातल्या अनाथालयांमधल्या १३६ मुलांपैकी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडलेल्या अर्ध्या मुलांना कुटुंबांत ठेवलं. जी लवकर घरात गेली, त्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी पुढे घरात वाढलेल्या मुलांच्या जवळ आल्या.

आता गोव्याने काय केलं ते. याबद्दल आपण इथे फार कमी बोलतो. १९९६ साली इथे सुरू झालेल्या 'संगाथ' या संस्थेने, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी, एक साधा प्रश्न विचारला. मानसोपचारतज्ज्ञ पुरेसे नाहीत, लवकर होणारही नाहीत, मग गावातल्याच माणसाला शिकवलं तर? गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम-तीव्र ते तीव्र निराशा असलेल्या ४९५ लोकांवर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१६ च्या अखेरीस आले. अर्ध्यांना केंद्रातल्या डॉक्टरांचे सुधारलेले नेहमीचे उपचार, अर्ध्यांना त्याशिवाय समुपदेशकाबरोबर सहा ते आठ बैठका. या समुपदेशकांकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती, प्रशिक्षण होतं आणि देखरेख होती. तीन महिन्यांनी बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटात ३९ टक्के. दारूच्या त्रासावरही अशीच चाचणी ३७७ पुरुषांवर झाली. तिथे फरक लहान होता, ३६ विरुद्ध २६ टक्के. पण दारूच्या बाबतीत दहा टक्के म्हणजे काय, ते ज्या घरांत संध्याकाळची वाट भीतीने बघतात त्यांना विचारा.

त्या बैठकांत काय करायचे? पूर्वायुष्य उकरत बसायचे नाहीत. माणसाला पूर्वी कशाने बरं वाटायचं ते विचारायचे. तुळशीसमोर दिवा लावणं, भजनाला जाणं, बहिणीशी बोलणं, परसात भाजी लावणं. त्यातलं एक छोटं काम ठरवायचं, वेळ ठरवायची, मन लागो न लागो, करायचं, आणि नंतर कसं वाटलं ते नोंदवायचं. इच्छा होईपर्यंत थांबायचं नाही, कृती आधी. वर सांगितलेलं बक्षिसाचं सर्किट आठवलं तर यातली युक्ती दिसेल. पोंपों उठवत नाही, तर त्याने न उठवताच उठून उंडो आणायचा. हात पुन्हा पुन्हा टोपलीपर्यंत गेला तर बुजलेल्या पाटातला पाचोळा हळूहळू सरकतो. अशाच पद्धतीचे उपचार घेतलेल्या रुग्णांचे मेंदू २००९ साली अमेरिकेत एका छोट्या अभ्यासात स्कॅन केले, तेव्हा बक्षिसाशी जोडलेल्या भागांच्या प्रतिसादात बदल दिसला होता.

म्हणून मला सर्किटांचं विज्ञान आणि आरोग्य केंद्रातलं बाकडं ही दोन वेगळी जगं वाटत नाहीत. लाखोंचं चुंबक आणि वहीतली कामांची यादी, दोन्ही एकाच पाटावर काम करतात. आपण 'मेंदूविज्ञान' म्हटलं की यंत्राकडेच बघतो, हा आपल्या नजरेचा दोष. खरा उपयोगाचा प्रश्न असा आहे: सहा बैठकांनी कोणाला बरं वाटेल, कोणाला गोळी लागेल, कोणाला चुंबक, हे आधी ओळखता येईल का? तज्ज्ञ मोजके असताना हे कळणं म्हणजे सोनं.

पण त्यासाठी मोजलेले मेंदू सगळ्यांचे हवेत. २०२२ साली सुमारे ५० हजार लोकांच्या स्कॅनवरून दाखवून दिलं गेलं की मेंदू आणि वागणं यांचा भरवशाचा संबंध जोडायला हजारो माणसं लागतात, तर नेहमीच्या अभ्यासांत पंचवीसच्या आसपास असतात. तीही बहुतेक श्रीमंत देशांतली. मेंदूतल्या विद्युतलहरी मोजणाऱ्या ईईजीचंच बघा. दाट कुरळ्या केसांत त्याचे इलेक्ट्रोड नीट टेकत नाहीत, म्हणून आफ्रिकी वंशाचे लोक कितीतरी अभ्यासांतून आपोआप गळले. आपल्याकडे तपासणीआधी सांगतात, डोकं धुवून या, तेल लावू नका. ज्या बाईला तपासणीचं कळतं त्याच सकाळी, तिच्या डोक्याला आदल्या रात्रीचं खोबरेल असतं.

आणि भाषा. उत्तर गोव्यात सुमारे अडीच हजार बायकांच्या पाहणीत अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या ताणाशी जास्त निघाला. यांतल्या कुणीही 'मला नैराश्य आहे' म्हणणार नव्हती. ती म्हणते, अंग मोडून येतं, डोकं जड झालंय, 'माका कितें जाता तें कळना'. प्रश्नावलीत हे शब्दच नसतील, तर तिचं सर्किट कुठल्या रकान्यात बसवणार?

कायद्याने तिची बाजू घेतलेली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि विमा कंपनीने मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायचं आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेली-मानस क्रमांक चोवीस तास मोफत चालतो. बांबोळीच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं की आजही घरातले आवाज खाली जातात. अशा घरांसाठी फोन ही पहिली पायरी सोपी.

मामांच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांना विचारून आम्ही एक शंभर पानी वहीही केली: काम, वेळ आणि दहापैकी किती बरं वाटलं. पहिलं काम त्यांनी स्वतःच ठरवलं, सकाळी फाटकापर्यंत जाऊन पोदेराकडून उंडे आणायचे. पहिले चार दिवस शून्य, शून्य, एक, एक. परवा मी वही चाळली, तीन लिहिलं होतं. तीनच का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "पांच घालतलो आशिल्लों, पूण उंडो कालचो निघालो."